न्हाणीच्या पाण्यावरची तुळस

प्रिय बा,

पण ते पाणी तुळशीले घाल, असं मी म्हटलंच नव्हतं! साफ केलेल्या पाण्याची ती बाटली निस्ती दाखवाले आणली होती. हैदराबादेत शहराच्या नालीचं पाणी साफ करतात तिथं मी कामाले आहो. घाण पाणी शेवटी कसं नितळ निघते, हे तू एकदा डोळ्यानं पाहावं, एवढंच होतं. तू न विचारता ते गंगाजल समजून देवाजवळ ठेवलं, सकाळी हात जोडून तुळशीले घातलं. मी हसलो. तिथंच चुकलो.

"बा, नालीचं आहे थे."

तू तुळस मुळासकट उपटून न्हाणीमागं फेकली. म्हणाला, "आजपासून तुह्या हातचं पाणी मले चालत नाई."

मागल्या सालच्या होळीची सुट्टी अर्धी टाकून मी गाडी धरली. मग दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. अन् दिवाळीतच तू गेल्याचं कळून वरठी टेसनावर उतरलो तवा सारं आटोपलं होतं. तुह्या तोंडात शेवटचं पाणी शेजारच्या काकानं घातलं. माह्या हातचं घेतलं असतं का रे तू? आता कोणाले विचारू?

काल मायचा फोन आला म्हणून लिहून राहिलो. यंदा आपल्या गावची, एकोडीची, तळ्यासारखी भरणारी बोडी होळीलेच आटली, विहिरीत बादली दगडाले लागते. मायनं आंघोळीचं पाणी घरामागच्या बाडीतल्या वांग्यांकडं वळवलं, तर बाया तिची वांगी घेत नाहीत. एक म्हणाली म्हणे, "पोरगा नालीत, माय न्हाणीत." मी मायले म्हटलं, रेती-गिट्टीचा खड्डा करू, पाणी गाळून पाइपानं वांग्यांले देऊ. तिचं एकच, "तुह्या बाले विचार."

म्हणून विचारून राहिलो.

फोन ठेवता ठेवता तिनं सांगितलं, तू फेकलेली तुळस न्हाणीमागं रुजली होती. तू रोज पाहत होता, पण उपटली नाही. उन्हाळ्यात तर आंघोळीचा दगडच सरकवला, पाणी तिच्याकडं जावं म्हणून. बा, हे मले सांगाले काय झालं होतं? अन् मी तरी काहून फोन लावला नाही?

सुट्टीत येऊन खड्डा मी माह्या हातानं खणीन. दगड तू ठेवला तिथंच राहील. त्या पाण्याची पहिली वांगी शिजली की पहिलं पान तुह्या नावानं वाढीन.

रेती, गिट्टी अन् पाइपासाठी आज मायच्या खात्यात टाकून राहिलो: दोन हजार तीनशे रुपये.

तुहा,
राजू