टिकली नक्की कधी बरी होणार, हे कळवता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
हजेरी व सवलत कक्ष, दुसरा मजला.

विषय : स्कूटरची फुलाफुलांची सीट. भर दुपारचे पांघरूण. सुटलेली सगळी गणिते. इयत्ता सातवीच्या हजेरीत सवलत.

संदर्भ : आपल्या तपासनीस साहेबांच्या तीन भेटी.

महोदय,

माझी मुलगी टिकली हिला बायपोलरचा आजार आहे. मन काही दिवस उधाणते, काही दिवस पार बसते. त्यामुळे हजेरी कमी भरली. सवलत न मिळाल्यास तिला परीक्षेला बसू देणार नाहीत.

१. पहिल्या भेटीच्या आधी टिकलीला दोन रात्री झोप नव्हती. तिने बोलता बोलता आमचा पडदा कापून साहेबांच्या स्कूटरला सीटकव्हर शिवले, वर मिशा कशा ठेवाव्यात तेही सांगितले. शेरा : "हुशार, उत्साही. आजार नाही."

२. दुसऱ्या भेटीत ती पांघरुणाबाहेर आली नाही. साहेब म्हणाले, "ऊठ गं, पाहुणे आलेत." शेरा : "आळशी. आईने लाड कमी करावेत."

३. तिसऱ्या वेळी औषध लागू पडले होते. ती गणिते सोडवत होती. शेरा : "सर्वसाधारण. मग अर्ज कशाला?"

तिन्ही वेळा साहेबांनी दिसले तेच लिहिले. त्याबद्दल तक्रार नाही.

४. कार्यालय म्हणते, आजार तात्पुरता असेल तर बरे होण्याची तारीख द्या. कायमचा असेल तर सवलतीचा उपयोग काय. मी डॉक्टरीणबाईंना तारीख मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, मी डॉक्टर आहे, पंचांग नाही. लहानपणी सुरू झालं की वाट लांबची. अधूनमधून उलटेलही. पण गोळ्या, झोप सांभाळली आणि तुम्ही दमला नाहीत, तर शिकेल, कमवेल, तुमच्याशी भांडेलसुद्धा."

५. आपल्या जिन्यातली 'तात्पुरती गैरसोय' ही पाटी मी स्वतः सातवीत असल्यापासून पाहते आहे. टिकलीची सवलत तेवढीच तात्पुरती धरून मंजूर व्हावी.

६. तेही नियमात बसत नसेल, तर साहेबांना वर्षभर आमच्याकडे राहायला पाठवावे. बाहेरची खोली देऊ. नवा पडदा अजून लावलेला नाही, हे आधीच कळवलेले बरे.

आपली नम्र, आणि सोमवारी पुन्हा येणारी,
टिकलीची आई

तारीख : आजची. एवढीच खात्रीने देता येते.

सोबत : डॉक्टरीणबाईंचे पत्र.

ता. क. पहिल्या भेटीच्या सकाळी टिकली दप्तर घेऊन शाळेलाच निघाली होती. साहेबांनी तपासणीसाठी तिला घरी थांबवून घेतले, आणि त्या दिवसाची गैरहजेरी लागली.