आईच्या खोलीतली थंडी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा, एका हातात पाना धरून केलेला नमस्कार. (दुसऱ्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं आहे. दोन्ही हात मोकळे असतानाचं माझं अक्षरही तुला माहीत आहे, तेव्हा तक्रार करू नकोस.) तुझी तब्येत, वहिनींची कंबर आणि तुझ्या शाळेतली कार्टी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. तिकडे हवा कशी आहे? हे मी उगाच विचारत नाही. पूर्वी पत्रात हवापाण्याची चौकशी करायची ती दुसरं काही सुचत नसलं म्हणून. आता त्याच प्रश्नाच्या उत्तराची धास्ती वाटते. खरं खरं कळव. किंवा थांब, खरं कळवू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण आईचे कान. गुडघे गेले, डोळे गेले, पण कान असे तल्लख आहेत की मी गच्चीत कुजबुजलो तरी तिला खोलीत कळतं. आणि मेसेज पाठवावा तर तू मेसेज आठवड्यानं उघडतोस, तोही वहिनींनी ओरडल्यावर. म्हणून कुरिअर.

धंद्याचं विचारशील, तर धंदा इतका जोरात आहे की मला भीती वाटते. बाबांच्या पंख्यांच्या दुकानाचं मी एसीचं दुकान केलं तेव्हा तूच म्हणाला होतास, वर्षातले चारच महिने चालेल, बाकी माश्या मारशील. पहिली काही वर्षं मारल्याही. थंडी पडली की शटर अर्धं ओढायचं, एखादा गीझर खोलून बसायचं, चहा प्यायचा. आता ती थंडीच येत नाही रे. भर थंडीच्या दिवसांत लोक फोन करतात, गॅस भरून द्या, कूलिंग होत नाही. पेपरात दर वर्षी तोच मथळा, आजवरचा सर्वांत उष्ण उन्हाळा. मला तर संशय आहे की तो मथळा त्यांनी जुळवूनच ठेवलाय आणि नुसती तारीख बदलून छापतात. मी सकाळी तो वाचतो, पेपर पालथा घालतो, आणि तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन येतो. पेपर तसाच पालथा ठेवून मी शिडी उचलतो. काळजीही मलाच आणि कमाईही मलाच, अशा माणसानं हसावं की रडावं ते तू शिकलेला आहेस, तू सांग.

आता आपल्या इमारतीचं ऐक. मधल्या डक्टमध्ये, हवेसाठी सोडलेल्या त्या विहिरीसारख्या बोळात, आपलं स्वयंपाकघर उघडतं, ते तुला आठवत असेल. कमिटीनं ठराव केला की दर्शनी भिंत विद्रूप होता कामा नये, एसीची बाहेरची युनिटं सगळ्यांनी डक्टमध्येच बसवायची. पहिला एसी पहिल्या मजल्यावरच्या रिटायर्ड कॅशियरनी घेतला. त्यांची गरम हवा वरच्या वकीलबाईंच्या खिडकीत जायला लागली. त्यांनी खिडकी लावून घेतली, घुसमटल्या आणि मला बोलावलं. त्यांची हवा त्यांच्या वरच्याकडे. गोवर पसरावा तसा एसी वर वर पसरत गेला. मी कोणालाही आग्रह केला नाही, दादा. मी नुसता जिना चढत गेलो. शेवटच्या मजल्यावर पोचलो तेव्हा सगळ्या इमारतीत एसी नसलेलं एकच घर उरलं होतं, आणि ते माझं स्वतःचं होतं.

कारण आई. तिनं कमिटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की माझी गरमी मी दुसऱ्याच्या तोंडावर फेकणार नाही, मला माझा पंखा बास, तो बिचारा आपली हवा आपल्यालाच देतो. (तिच्याच मुलानं बसवलेल्या युनिटांबद्दल तिनं हे सगळ्यांसमोर म्हटलं, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून टाळी वाजवावी की नाही याचा विचार करत होतो.) डक्टमधली वाफ आता थेट तिच्या ओट्यावर यायची. सुरुवातीला तिला कौतुकच होतं, कपडे खिडकीत टाकले की चहा होईस्तोवर वाळायचे. मग खिडकीतलं झाड करपलं. मग तिनं मला विचारलं की बाबा रे, इतकं कसं उकडतं? मी तिला ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय ते सांगितलं. समुद्र तापलेत ते सांगितलं. जंगलं जळतात तेही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण ध्रुव लांब होता आणि डक्ट हाताच्या अंतरावर होतं, एवढं मी बोललो नाही. ती बिचारी रोज रेडिओ लावून ध्रुवाची खबर घ्यायला लागली.

आणि मग ती ओट्यापाशी पडली. हे तुला आम्ही 'जरा चक्कर आली' एवढंच कळवलं होतं. चक्कर नव्हती, दादा. भांडी घासता घासता कोसळली, अंग तव्यासारखं तापलेलं, मला ओळखेना. तीन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की असा दुसरा झटका या वयाला झेपणार नाही, खोली थंड ठेवायची म्हणजे ठेवायची. मी हो म्हणालो आणि आत गेलो, तर आई शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय बोलली? घरी मशीन बसवलंस तर मी इथूनच दादाकडे निघून जाईन. (तुझ्याकडे चार जिने आहेत आणि लिफ्ट नाही, नाहीतर मी त्याच क्षणी गाडीत बसवली असती.)

मग मी काय केलं ते आता ऐक, आणि ओरडू नकोस. ती दवाखान्यात असताना मी तिच्या खोलीला रंग दिला. म्हणजे रंगाच्या नावाखाली माळ्यात मशीन दडवलं, दारावर एक जाळी बसवली आणि तिला सांगितलं की हवा खेळती राहायला आहे. खिडक्या उघडायच्या नाहीत, रंग ओला आहे. बाहेरचं युनिट डक्टमध्ये मावेना, ते गच्चीवर टाकीमागे ठेवलं. तिथं वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीची खिडकी आहे, जरा जवळच येतं, पण दुसरी जागाच नव्हती. रिमोट नको म्हणून सगळं माझ्या मोबाइलवर घेतलं. आणि एकदम गार केलं तर तिला कळेल म्हणून रोज थोडं थोडं उतरवत गेलो. आधी नुसतं बरं वाटेल इतकं. मग पहाटे जरा शिरशिरी. दादा, मी आयुष्यात इतकं नाजूक काम केलेलं नाही. मी आपल्या आईसाठी एका खोलीपुरता अख्खा ऋतू तयार केला.

तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. एका सकाळी मला हाक मारून म्हणाली, थंडी आली रे, हवा सुधारली. तिनं पेटी उघडून बाबांचा स्वेटर काढला आणि त्यात नाक खुपसून किती वेळ बसली. आता खरं कसलं सांगतोय मी तिला? त्या दिवसापासून आम्ही सगळे त्या थंडीचे नोकर झालो. तिच्या दाराबाहेर एक खुंटी ठोकली आहे, तिथं शाली आणि स्वेटर टांगलेले असतात. आत जाताना घालायचे, बाहेर आलो की घामानं निथळत काढायचे. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा त्यांनाही बायकोनं दारात माझी कानटोपी घातली. आधी त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघत राहिल्या, मग आत जाऊन आईचा हात धरून म्हणाल्या, आजी, यंदा कडाका आहे हो. (त्यांची फी मी मुकाट्यानं दिली, एरवी घासाघीस करतो.)

स्वयंपाकघरात आली की उकडतं, त्याचा तिनंच उलगडा केला. म्हणे थंडी नेहमी उत्तरेच्या खोलीत आधी येते, स्वयंपाकघरात पोचायला वेळ लागतो. मी म्हटलं बरोबर. एकदाच घोटाळा झाला. मी एका ऑफिसच्या गच्चीवर उन्हात भाजत होतो, त्यांचं मशीन मोबाइलवर तपासायचं होतं, आणि डोळ्यांत घाम गेल्यामुळे आईचं बटण दाबलं गेलं. ऑफिस तसंच तापत राहिलं आणि घरी आईच्या खोलीत कडाक्याची लाट आली. मी पोचलो तेव्हा ती तीन रजयांत गुरफटून खुशीत बसली होती आणि बायकोला सांगत होती की माझ्या लहानपणी अगदी अशीच पडायची. नाक लाल झालं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. खोकला झाला असता तर तोंड काय दाखवलं असतं?

पण खरी काळजी ही नाही. ती बरी दिसते, जेवते, दोन घास जास्तच जेवते, आणि हेच मला घाबरवतं. कारण हे सगळं एका जाळीवर टांगलेलं आहे. तिला कळलं की ती मशीन बंद करणार. बंद केलं की ती त्या ओट्यापाशी जाणार. पुढचा उन्हाळा अजून यायचाय, आणि पेपरवाल्यांचा मथळा तयारच आहे. मी जिना चढताना रोज आधी तिच्या रेडिओचा आवाज येतो का ते ऐकतो, आणि आला की मगच श्वास सोडतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला गरम पाण्यानं शेकायला सांग, तेवढी तरी गरमी कामाला येईल.

तुझा,
घामाघूम धाकटा

ता. क. – पत्र लिहायचं मूळ कारण लिहायचंच राहिलं. रविवारी आई तुला फोन करणार आहे. तिचा माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण तू भूगोल शिकवतोस. तिनं ठरवलंय की जगाचं हवामान खरंच ताळ्यावर आलं का, हे दादाच्या तोंडून ऐकायचं. तर तू हो म्हण. मला माहीत आहे की तू वर्गात नकाशा टांगून पोरांना याच्या अगदी उलट सांगतोस, आणि तेच खरं आहे. पण तिला म्हण, आई, सुधारतंय. बर्फ पुन्हा धरतोय म्हण. जमलं तर फोनवर एक-दोनदा शिंक. शाळेतल्या कुणाला कळणार नाही.

ता. क. दुसरं – कुरिअरवाला यायच्या आधीच घोळ झाला. तुझा फोन वर्गात बंद असतो, म्हणून या सगळ्या पानांचे फोटो काढून वहिनींना पाठवतोय आणि त्यांना तुझ्यावर ओरडायला सांगितलंय, ताबडतोब बघ. वरचं शिंकण्याचं राहू दे.

आज दुपारी मी गिऱ्हाईकाकडे असताना आईनं जुनी गोधडी काढली आणि भिंत धरून गच्चीवर गेली. थंडी पडलीय, वॉचमनच्या बायकोचं तान्हं गारठेल, म्हणून. बायकोनं मला फोन केला, मी धापा टाकत पोचलो, तर ती गोधडी छातीशी धरून टाकीमागे उभी होती, तोंडावर मशीनचा फुफाटा. वॉचमनच्या बायकोनं खिडकीत ओली चादर बांधली होती. ती आईला सांगत होती, आजी, दिवसभर चालतं हो हे, कुणाचं आहे कळत नाही. पोराच्या पाठीवर घामोळं आलेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुझंच आहे.

ती रागावली नाही, दादा. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाळाला उचललं, त्याच्या आईला हाताला धरून खाली आणलं आणि आपल्या पलंगावर निजवलं. मशीन चालू ठेवायला सांगितलं. दोघं आता गाढ झोपलीत. आणि आई स्वयंपाकघरात, डक्टच्या खिडकीपाशी स्टुलावर बसलीय. मी म्हटलं, पलंगावर जागा आहे, तूही आत चल. तर म्हणाली, मी आत गेले की ते माझ्यासाठी चालायला लागेल. आधी ते त्यांच्या खिडकीसमोरून हलव. मी गच्चीवर जाऊन चारी बाजूंनी फिरून आलो. ज्या बाजूला तोंड करावं तिकडे कुणाची तरी खिडकी आहे.

तिचा चेहरा लाल व्हायला लागलाय. ओला कपडा ठेवलाय कपाळावर, डॉक्टरीणबाईंना निरोप धाडलाय. माझं ती ऐकत नाही, तिनं ऐकावं असं माझ्याकडे काही उरलंही नाही. तू आत्ताच्या आत्ता फोन कर. वर्ग सोडून कर. भूगोल सांगू नकोस, खरं-खोटं काही सांगू नकोस. थोरला मुलगा म्हणून नुसतं म्हण, आई, आत जाऊन बस.