हत्ती येईना, संध्याकाळ होईना

ती. वन्संच्या सेवेशी,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले ती मनाने, कंबरेला हल्ली आधी विचारावं लागतं.) तुमचे गुडघे, तुमची भूक आणि तुमचा स्वभाव, तिन्ही जिथल्या तिथे असतील अशी आशा आहे. मी बोलते आहे, सूनबाई लिहिताहेत. अक्षर आवडलं तर कौतुक त्यांचं, मजकूर खटकला तर तो माझा.

निघताना तुम्ही तुमचं गजराचं घड्याळ माझ्या पिशवीत कोंबत होतात आणि मी ते बाहेर काढलं. एवढ्या मोठ्या जहाजावर घड्याळ नसेल का, असं वर तोऱ्यात म्हणाले. वन्सं, घड्याळं आहेत, पण एकालाही काटे नाहीत. टीव्हीवर आकडे, फोनवर आकडे, उशाशी आकडे. तुम्हाला ठाऊकच आहे, मला काटे कळतात, आकडे नाही. घरी स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे काटे बघून मी बिनचूक वेळ सांगते, म्हणून लेकाला वाटत आलं की आईला अक्षरं नसली तरी आकडे येतात. आता इतका चांगला गैरसमज कोण मोडेल?

शिवाय इथे गप्प राहायला कारण होतं. मला स्वतंत्र खोली मिळाली आहे, जन्मात पहिल्यांदा. माहेरी बहिणींच्या रांगेत एक वळकटी, सासरी तुमच्या शेजारी (तुम्ही घोरायचात, पण तो विषय वेगळा), मग मुलं, मग नातवंडं. इथे दार माझं, किल्ली माझी. बोटभर साबण, भातुकलीतल्यासारख्या बाटल्या, पांढऱ्या सपाता, केस वाळवायचं यंत्र (कुठले केस, ते विचारू नका) आणि कपाटात चक्क तिजोरी. तिजोरीत ठेवावं असं मोलाचं माझ्याकडे एकच, म्हणून कवळी ठेवली. तिजोरी उघडायलाही आकडेच लागतात हे मागाहून कळलं. खोली आवरणाऱ्यांनी ती उघडून देईपर्यंत मी नुसतं सूप प्यायले आणि भूकच नाही म्हणून सांगितलं. कारण लेकाने चढतानाच बजावलं होतं, जेवायला वेळेवर येत राहिलीस तर खोली तुझी, नाहीतर आमच्या खोलीतल्या सोफ्यावर.

खोलीला खिडकी नाही. दिवा लावला की दिवस, मालवला की रात्र. त्यात हे जहाजवाले मधूनच रात्री वेळ तासभर पुढेमागे सारतात, जशी काही ती खुर्ची आहे. मग मी माझी सोय केली. सकाळी सूनबाई दार वाजवतात, दुपारी पोट वाजवतं, राहिली संध्याकाळ. तर खोली आवरणारे गृहस्थ रोज संध्याकाळी अंथरूण सारखं करतात आणि टॉवेलच्या घड्या घालून पलंगावर एक प्राणी बसवून जातात. कधी हत्ती, कधी ससा, एकदा माकड, ते तर हुबेहूब तुमच्या भावासारखं बसलं होतं. प्राणी आला की संध्याकाळ. तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, निघायचं. लेक म्हणाला, आई अगदी घड्याळासारखी येते. मी मान ताठ करून जेवले.

परवा जेवणाआधी मोठ्या जिन्यावर कप्तानाबरोबर सगळ्यांचा फोटो होता. दुपारी लवंडण्याआधी मी दाराच्या मुठीला बाहेरून लटकवायची ती खोलीतली पाटी अडकवली. तिची एक बाजू हिरवी, एक लाल. लाल उठून दिसते म्हणून लाल बाहेर केली. उठले, ठेवणीतले कपडे काढले आणि वाट बघत बसले. हत्ती येईना, संध्याकाळ होईना. म्हटलं, आज दुपार लांबलेली दिसते, सारला असेल यांनी पुन्हा तास. किटलीशेजारची बिस्किटं संपवली, मग साखरेच्या पुड्या. मग करमेना म्हणून केसांचं यंत्र चालवून बघितलं. नेमका तेव्हाच लेक दार ठोठावून गेला म्हणे.

शेवटी दार उघडलं तर लेक, सूनबाई आणि मागे बॅग घेतलेला जहाजाचा डॉक्टर. लाल बाजूवर 'आत येऊ नका' असं लिहिलं होतं आणि मी आत काय अवस्थेत असेन, या विचाराने लेकाचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना विचारलं, आज हत्ती नाही का आला? डॉक्टरने लगेच नाडी धरली.

मग सगळंच बाहेर आलं. फोटो झाला होता, जेवणंही उरकत आली होती. लेक म्हणाला, पुरे झालं, उचल सामान. मी सपाता पिशवीत घातल्यासुद्धा. तेवढ्यात सूनबाईंनी मनगटावरचं काटेवालं घड्याळ सोडलं, माझ्या हाताला बांधलं आणि त्याला म्हणाल्या, "आकडे येत नाहीत म्हणून खोली काढून घ्यायची? मला पोहता येत नाही, मला जहाजावरून उतरवणार का?" (हे लिहायला त्या लाजत होत्या. लिहा म्हटलं, वन्संना कळू दे सून कशी असते.) लेक डॉक्टरला पोचवायला गेला. खोली राहिली.

तुमची,
भावजय

ता. क. पत्राचं कारण आता सांगते. लेक पुढच्या वर्षी पुन्हा नेईन म्हणतो, पण एकटीला खोली नाही. वाचता येणारं कुणीतरी सोबत हवं. तुम्ही या. घोरण्याचं मी मनावर घेणार नाही. गजराचं घड्याळही आणा.

आणखी एक. सूनबाईंनी आत्ता माझ्या मनगटावर वेळ बघितली, तर घड्याळ बंद. कालच थांबलं ते, मला माहीत होतं. तरी एकही जेवण चुकलं नाही आणि लेक घड्याळाचे गोडवे गातो आहे. पाटीची हिरवी बाजू बाहेर ठेवते, दुसरं काही नाही. सूनबाई हसताहेत, सांगणार नाही म्हणतात. आता थांबते. ससा आला, जेवायची वेळ झाली.