सेल तापू दे

बाबा, तुमचा तो लगेच फोटो देणारा कॅमेरा परवा पुन्हा बोलला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्याला मुका होऊन बावीस. धरणावरचे इंजिनियर साहेब बदलून जाताना तो तुम्हाला देऊन गेले होते, भात्यासारखा पुढे उघडणारा, सोबत फिल्मची चार-पाच पाकिटं. मोहाडीच्या बाजारात पासपोर्ट फोटो काढणाऱ्या माणसाच्या हाती असली चीज आल्यावर दुसरं काय होणार? पंधरा दिवस तुम्ही तो गळ्यात अडकवूनच जेवायला बसायचात, आणि माय विचारायची, "त्याले बी भात वाढू का?"

गोसीखुर्दच्या पाण्यात आपलं गाव जाणार हे पक्कं झालं तेव्हा नागपूरहून नवा सेल आणून, तो कॅमेरा घेऊन तुम्ही घरोघर फिरलात. प्रत्येक कुटुंबाला त्याच्या त्याच्या दारात उभं करून एकच फोटो. बटण दाबायचं, कॅमेऱ्यातून कागद ओढायचा, थंडी म्हणून तो काखेत धरायचा आणि मोठ्यानं साठपर्यंत मोजायचं. अंगणातली सगळी पोरंटोरं तुमच्यासोबत मोजतात, साठ झाले की तुम्ही वरचा कागद सोलता आणि ओला फोटो घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या हातात देता. तो मान तिचाच, असं तुमचं ठरलेलं. आपलं घर तुम्ही शेवटी ठेवलंत, एक फिल्म राखून. मायचा तुम्ही काढलेला एकही फोटो नव्हता, लग्नातलाही नाही, कारण फोटोवालाच नवरदेव होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या घरी चांगला मुक्कामाला होता.

निघायच्या दिवशी दुपारी चारला ट्रॅक्टर भरून झालेला आहे. हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन माय दारात उभी आहे, एक हात चौकटीवर. तुम्ही बटण दाबलंत आणि तुमचा चेहराच उतरला. त्या कॅमेऱ्यात दोन वेळा टिक व्हायला हवं, पहिलं डोळा उघडल्याचं, दुसरं मिटल्याचं. सेल उतरला की एकदाच होतं, डोळा उघडल्या उघडल्या मिटतो आणि फोटो काळा निघतो. तुम्ही कानानंच ओळखलंत आणि कागद ओढला नाहीत, शेवटची फिल्म आतच राहिली. मग सेल काढून अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवलात, टॉर्चचे सेल ठेवतो तसा. "थांब वो, सेल तापू दे," तुम्ही मायला म्हणालात. माय थांबली. ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "भाऊ, काहून उशीर करून राहिले? नदीकडच्या रस्त्याले चिखल हाय." अर्ध्या तासानं तुम्ही परत दाबलं, पुन्हा एकच टिक. नव्या घरी काढू म्हणालात. नव्या घरी तसला सेल कधी मिळाला नाही, आणि चार वर्षांनी तुम्हीच गेलात.

माय आता माझ्याजवळ कारध्याला असते. वर्षभरापासून तिचं सगळं निसटत चाललं आहे. कधी माझं नाव, कधी जेवण झालं की नाही ते. पण दुपारी चार वाजले की ती डोक्यावर पदर घेते, दारात जाऊन चौकटीला हात लावते आणि मला विचारते, "तापला का सेल?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे, माय, गाव गेलं, बाबाही गेले. दर वेळी तिला ते नव्यानंच कळायचं आणि ती नव्यानंच रडायची. एका आठवड्यात पाच वेळा मी तिला विधवा केलं, बाबा. मग सांगणं सोडलं. डॉक्टर म्हणतात, हो ला हो म्हणा. त्यांचं काय जातं म्हणायला, दाराशी ते थोडेच असतात. मला दुसरं काही सुचेना, म्हणून पेटीतून तुमचा कॅमेरा काढला. एकदा फोटो निघाला तर ती दारातून हलेल, एवढीच माझी आशा होती.

तसला साडेचार व्होल्टचा सेल आता कुणी बनवतच नाही. मी सातवीला विज्ञान शिकवते. दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडले की साडेचार, फळ्यावर दोन मिनिटांचं काम. कॅमेऱ्यात त्याला तीन रविवार लागले. जुना सेल आतच पाझरून टोकांवर हिरवा थर बसला होता, तो लिंबू चोळून काढला. रिमोटचे तीन बारके सेल प्लास्टिकच्या खोबणीत बसवले, तर झाकण लागेना, म्हणून आतली एक पट्टी गरम सुरीनं कापली. तारांना सोल्डरचा डाग द्यायला भंडाऱ्यात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "म्याडम, याच्यात कायले जीव घालून राहिल्या? कबाड हाय हे." पहिल्या वेळी तारा उलट्या जोडल्या, ज्या चुकीला मी पोरांना शून्य देते. मग एकदाच्या सुलट्या करून आणल्या, घरी आतल्या फिल्मवर उजेड पडू नये म्हणून काचेवर तळहात ठेवला आणि बटण दाबलं. टिक. श्वास धरून बसले. टिक. मी तिथेच फरशीवर बसून रडले. हात ठेवून तपासायचं असतं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

परवा रविवारी चार वाजता माय दारात आली. "तापला, माय," मी म्हणाले. ती तशीच उभी राहिली, हात चौकटीवर, हनुवटी जराशी वर. दोन टिक झाले. कागद ओढला, काखेत धरला आणि मोजायला लागले. विसापासून माय माझ्यासोबत मोजू लागली. जिला आज कोणता वार ते सांगता येत नाही, ती साठपर्यंत एकही आकडा चुकली नाही. मी कागद सोलला. त्यावर माय नव्हती, दार नव्हतं, काहीच नव्हतं. फिल्मच्या पोटातलं औषध केव्हाच वाळलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसता गढूळ, तपकिरी रंग. असं होऊ शकतं हे मला माहीत होतं, विज्ञानाची बाई आहे मी. सेल नवा घालता येतो, औषध कुठून आणू? फोटो लपवावा असं मनात आलं, पण तुमची सवय माझ्या हाताला लागलेली, हात आपोआप पुढे झाला. मायनं तो पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "एवढ्यात पाणी आलं का वं?"

 आज चार वाजता ती पुन्हा दारात होती. कॅमेरा रिकामा आहे, तसली फिल्मही आता कुणी बनवत नाही. मी म्हणाले, "तापून राहिला, माय," आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. बसल्या बसल्या तिला ते सांगून टाकलं, जे तुम्हाला सांगायचं राहिलं. गावातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही दुपारी लवंडलात की मी तुमचा कॅमेरा वाकळीत घेऊन बसायचे. अंधारात बटण दाबलं की दुसरं टिक उशिरा येतं. किती उशिरा, ते मोजायची मला चटक लागली होती. शंभर वेळा तरी दाबलं असेल, त्याहून जास्तच. तुम्ही मरेपर्यंत नागपूरच्या दुकानदाराला शिव्या दिल्यात, जुना सेल चिकटवला म्हणून. सेल चांगला होता बाबा, मी संपवला.

मायनं सगळं नीट ऐकलं. रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं, मग खाली वाकून हळूच म्हणाली, "तुह्या बाबाले नोको सांगू. रागावतीन ते." मी तिला हो म्हणाले आहे, म्हणून तुम्हाला लिहिलेले हे कागद कॅमेऱ्याच्या पेटीतच ठेवते.