जेन्सन कम्युनियनला उठत नाही

२८ एप्रिल, रविवार

कम्युनियनला उठला नाही!

अख्खा बाक ख्रिस्तप्रसादाच्या रांगेसाठी उठला. जेन्सनचा बाप फेबियन उठला, मी उठले, नॅन्सी गुडघे धरत धरत का होईना उठली. जेन्सन तसाच! पाय आखडून आम्हाला वाट दिली आणि खाली बघत बसला. चार वर्षांनी घरी आलेला मुलगा, पहिलाच रविवार, सगळ्या भुईगावाचे डोळे आमच्या बाकावर — आणि हा बसून!

बाहेर आल्यावर विचारलं. "पोट बरं नाही, मम्मी." घरी येऊन डुकराचं इंदियाल चापलं, वर दोनदा भात घेतला. पोट बरं नाही म्हणे!

शुक्रवारी आला. दोन महिन्यांची रजा आहे, असं तो म्हणतो. पापुआ न्यू गिनीत मिशनचं लहान विमान चालवतो. रस्ताच नाही असल्या डोंगरांत औषधं, छपराचे पत्रे, शाळेची पुस्तकं पोचवायची, आजारी माणसं खाली आणायची. काम पुण्याचं आहे, नाही म्हणत नाही. पण मिशन आपलं नव्हे, प्रोटेस्टंट लोकांचं. जाताना हजारदा बजावलं होतं — विमान त्यांचं चालव, प्रार्थना आपली कर.

३० एप्रिल, मंगळवार

नॅन्सी आली. फेबियनची बहीण, पण बातम्या माझ्याच कानात ओतते. "वहिनी, राग मानू नको, बिलिव्हर झालाय तो. गेला आपलं चर्च सोडून." विरारच्या कुठल्या क्लेमेंटचं सांगत होती — आधी कम्युनियन बंद, मग रोझरी बंद, मग घरातली मरियामातेची मूर्ती उचलून बहिणीच्या ओट्यावर ठेवून आला!

तिला झापलं. चहाही अर्धाच दिला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

१ मे, बुधवार

मासेवालीकडून सुके बोंबील घेतले, पावसाळ्याची बेगमी. जेन्सनने पिशवी नुसती उचलली — "चार किलो सातशे." काट्यावर टाकली, चार सहाशे पन्नास! मासेवाली बघतच राहिली. तिथे म्हणे माणूस, डुक्कर, रताळी सगळं काट्यावर चढतं, मगच विमानात. हाताला सवय लागते. मग माझ्याकडे बघून, "मम्मी, तू बहात्तर." मेल्या!

आल्यापासून आज पहिल्यांदा हसला. मीही हसले. पण हसता हसता विषय काढला तर लगेच बोंबलांची पिशवी उचलून आत गेला.

३ मे, शुक्रवार

हा पहाटे पाचला गच्चीवर जातो. फोन घेऊन! इथे पाच म्हणजे तिथे साडेनऊ. दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने गेले तर फोन पालथा घातला. "काय बघतोस?" "कुठली धावपट्टी उघडी आहे ते." रजेवरच्या माणसाला धावपट्ट्या कशाला हव्यात?

बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. कॉपी करणारं पोर कानाच्या पाळीवरून ओळखायची. ह्याच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

५ मे, रविवार

पुन्हा बसून राहिला. मागच्या बाकावर कुजबुज झाली, मी ऐकली.

फेबियन म्हणतो, "सोड ना, मोठा झालाय." ह्या माणसाला केळीच्या बागेपलीकडे काही दिसत नाही.

७ मे, मंगळवार

मरियामातेचा महिना. रोज संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरी. जेन्सन आला, सगळ्यात मागे उभा राहिला. मी मुद्दाम वळून वळून त्याच्या ओठांवर लक्ष ठेवलं. हलत होते! "नमो मरिये" पूर्ण म्हणाला, एक शब्द चुकला नाही.

बिलिव्हर "नमो मरिये" म्हणेल? की मी बघतेय म्हणून म्हणाला?

९ मे, गुरुवार

बॅग उघडली. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे? तो आणि फेबियन वसईला पंपाचा पाइप आणायला गेले होते.

वरच रोझरी. मीच दिलेली, मणी झिजलेले. जीव भांड्यात पडला! रडले सुद्धा थोडी. नॅन्सीच्या नाकावर नेऊन आपटावी असं वाटलं.

मग तळाला हात गेला. दोऱ्याची विणलेली पिशवी, लाल-पिवळी, हाताने केलेली. चार वर्षांपूर्वी त्याने फोटो पाठवला होता, तिथल्या बायका असल्याच पिशवीत तान्हं पोर ठेवतात आणि पाठीवर घेतात. ही तर अगदी लहान. कोरी करकरीत.

पोर! तिथे ह्याचं पोर आहे! पाप मनात ठेवून कम्युनियन घेता येत नाही, म्हणून उठत नाही. लग्नाशिवायचं असणार, नाहीतर लपवतो कशाला?

सगळं होतं तसं ठेवलं. भात करपला.

१४ मे, मंगळवार

दीपिकाला गाठलं. आपल्या शेजारचीच, चौथीत माझ्या वर्गात होती, आता वसईला बँकेत आहे. मिशनच्या साहेबांना इंग्रजीत मेल लिहून घेतली. मी सांगितलं — माझा मुलगा तुमच्यात आला आहे का, तिथे कोणा बाईबरोबर राहतो का, रजा खरी आहे का. खरं लिहा, मी आई आहे.

"बाई, जेन्सनला एकदा विचारलं असतं तर?" विचारून दमले म्हटलं. पाठव तू.

पाठवली.

१७ मे, शुक्रवार

उत्तर नाही. दीपिका मला बघून गेटमधूनच मान हलवते.

२० मे, सोमवार

मतदान. दोन तास रांग, बोटाला शाई. जेन्सन बरोबर उभा. पुढच्या बाईच्या कडेवर तान्हं होतं. त्याने पोराकडे एकदा पाहिलं आणि रांग सोडून झाडाखाली जाऊन थांबला. माझी खात्रीच झाली.

२२ मे, बुधवार

आज राहवलं नाही. केळींना पाणी सोडत होता, तिथे जाऊन पिशवी त्याच्यापुढे धरली. "कुणाचं पोर आहे? सांग!"

मला वाटलं भडकेल. पंप बंद करून पाटाच्या कडेला बसला. पाय चिखलात. मग बोलला, ते जसं आठवतंय तसं लिहिते.

"माझं नाही, मम्मी. वरच्या गावातली बाई होती, बाळंतपणात अडलेली. लोकांनी तीन तास खांद्यावरून धावपट्टीपर्यंत आणली होती. रेडिओवर निरोप आला. दहाला निघायचं ठरलं. दुपार झाली की तिथे ढग दरी बंद करतात, रोजचंच आहे. मला निघायला चाळीस मिनिटं उशीर झाला. पोचलो तेव्हा दरी बंद. तीन फेऱ्या मारल्या. एका फटीतून खाली माणसं दिसली, पांढरं कापड हलवत होती. उतरलो नाही. उतरलो असतो तर परत उडता आलं नसतं, कदाचित उतरलोच नसतो धड. परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ती गेली होती. बाळही. तिने बाळासाठी विणलेली पिशवी नवऱ्याने माझ्या हातात दिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

फेब्रुवारीतली गोष्ट! तेव्हापासून विमान चालवलेलं नाही. आणि मी इथे मेल पाठवतेय, ओठ बघतेय!

त्याचं डोकं पोटाशी धरलं. एवढा मोठा गडी, हमसून हमसून रडला.

नंतर मीच विचारलं, "उशीर का झाला रे?"

"एक फोन होता."

"कुणाचा?"

"उचलला मी, ठेवला नाही मी. बस, मम्मी." आणि पंप चालू केला.

२३ मे, गुरुवार

कोण ही फोनवाली?

कुणीतरी आहेच. एरवी चाळीस मिनिटं कोण बोलतं? तिकडे बाई मरणाच्या दारात आणि इकडे हिच्या गप्पा संपत नाहीत! नाव सांगत नाही म्हणजे पाठीशी घालतोय. माझा मुलगा सरळ, त्याला गुंतवलं असणार.

२६ मे, रविवार

आज तो बसून राहिला तेव्हा मला राग आला नाही. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मग उठले.

दुपारी म्हटलं, फादरांकडे जा, कन्फेशन कर, मोकळा हो. म्हणाला, "काय सांगू? सगळे म्हणतात तू बरोबर केलंस. पापच नाही म्हणतात. मग माफी कशाची मागू? आणि मागितल्याशिवाय त्या रांगेत कसा जाऊ?"

बिलिव्हर म्हणे! ह्याच्याएवढा कॅथलिक अख्ख्या धर्मग्रामात दुसरा दाखवा. नॅन्सीला सांगायला जाणार होते, पण त्याची गोष्ट त्याची आहे. गेले नाही.

२८ मे, मंगळवार

जेवताना म्हणाला, "मी परत जात नाही. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय त्यांना, नाही म्हणून कळवतो. पप्पांबरोबर बाग बघीन."

फेबियनचा घास तोंडातच राहिला. मी खूश! खोटं कशाला लिहू? चार वर्षं हेच मागत होते. फेबियनने ताडगोळे सोलून सगळ्यांना दिले, माझ्या वाटीत दोन जास्त.

पण नंतर अंगणात बसलो होतो, वरून मुंबईचं विमान गेलं, अगदी कमी उंचीवरून. त्याने मान वर केली नाही. शाळेत असताना हा पोरगा ताट टाकून धावायचा, शेपटीवरचा रंग बघून कंपनी सांगायचा. आज मिरच्यांचे देठ खुडत बसला.

त्या फोनवालीने माझ्या पोराचं आभाळ काढून घेतलं. ती समोर आली ना, तर मी तिला सोडणार नाही. माफ तर मुळीच करणार नाही, फादरांनी सांगितलं तरी.

३० मे, गुरुवार

उत्तर आलं! दीपिका बँकेतून कागद छापून घेऊन आली, ओट्यावर बसून मराठीत सांगितलं.

साहेबांनी लिहिलंय — तो आमच्यात आलेला नाही. महिन्यातून दोन रविवार सुट्टी मिळते, तेव्हा दोन तास चालून कॅथलिक चर्चला जातो. कुणा बाईबरोबर राहत नाही. १४ फेब्रुवारीला जे घडलं त्याबद्दल इथे त्याला कुणी दोष देत नाही. उशीर कशाने झाला हे त्याने आम्हाला सांगितलेलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्याच्यासारखा वैमानिक आम्हाला मिळायचा नाही. जागा राखून ठेवली आहे. तुम्ही आई आहात, तुमचं ऐकेल. त्याला पाठवा.

पाठवा म्हणे! कागद पोळपाटाखाली सरकवला. दाखवायचा की नाही ते बघू.

पण तारीख? चौदा फेब्रुवारी! व्हॅलेंटाइन डे! पोरगीच आहे, सांगितलं नव्हतं का मी! दीपिका हसली. "बाई, तुम्ही पण ना!"

त्या सुमाराला माझ्याशी बोलताना त्याच्या तोंडून कुणाचं नाव गेलं होतं का, बघते. मागची वही पेटीत आहे.

३० मे, संध्याकाळ

माझंच अक्षर.

"१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार. पहाटे साडेपाचला जेन्सनला फोन लावला. कपाळाला राख लावून घेतलीस का विचारलं. आज कामावर आहे, चर्च लांब आहे म्हणाला. म्हटलं, खरं सांग, त्यांच्यात गेलास ना? तीनदा 'मम्मी, निघायचंय' म्हणाला. म्हटलं, आधी उत्तर दे, मग ठेव. सहाच्या मिस्साला उशिरा पोचले, वाचन सुरू झालं होतं. पण आज त्याला सोडलं नाही. मनातलं सगळं बोलून घेतलं. बरं वाटलं."

इथले साडेपाच म्हणजे तिथले दहा.

मागच्या दारी जेन्सन फणस फोडतोय. "मम्मी, हाताला तेल दे गं!" म्हणून हाक मारतोय. दुसऱ्यांदा मारली.