पांढऱ्या साडीतल्या बाई

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. सकाळी १० वाजून ५० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे कामाला येईल.

अर्पणं घेऊन झाली होती, आशीर्वाद व्हायचा होता. मधल्या वेळात पाळकसाहेब देवदत्त लोंढे यांनी सूचना वाचली. दवाखान्यातल्या भेटींचं काम यापुढे श्रद्धा आणि तरुण संघ पाहील, आणि विनोदिनीबाईंच्या आजवरच्या सेवेबद्दल मंडळी ऋणी आहे. मग टाळ्या. उपासनेत टाळ्या. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये आम्ही खोकलो तरी सिस्टर बाहेर काढायच्या.

मला आधी एका शब्दाने विचारलं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई म्हणजे काय नादुरुस्त हार्मोनियम, कुठल्याही कोपऱ्यात सरकवायला?

माझं काय चुकलं ते प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काहीही नाही. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन सांगलीत आले तेव्हापासून या दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात रोज चारला हजर. पुराच्या वर्षी दवाखाना बंद होता, तरी पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन परत आले. निळ्या काठाची पांढरी साडी, खळ घातलेली, कडक इस्त्री. आईही हीच नेसायची. ती बायबल स्त्री होती, खेडोपाडी पायी फिरायची. आधी बाळंतिणींना बघायची, मग बायकांना अक्षरं शिकवायची, आणि उरलाच वेळ तर प्रार्थना. मी तो क्रम सुधारून घेतला आहे. आधी प्रार्थना. वेळ वाचतो.

निश्चय: उद्या निषेधाचं पत्र. आणि वॉर्डात जाणं चालूच. मला प्रभूने नेमलंय, कमिटीने नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर. संध्याकाळ.

पत्र दिलं. चार पानी. लेखी उत्तर मागितलं आहे.

मग वॉर्ड. मी आत पाऊल टाकलं की वॉर्ड कसा शांत होतो, हे कमिटीने एकदा येऊन बघावं. मोबाईलवरची गाणी बंद. दाराजवळच्या बाईने तोंडावरून चादर ओढून घेतली, इतका आदर. एका सुनेने आपल्या लेकराला चटकन उचलून बाहेर नेलं, प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून. हल्लीच्या पोरींमध्ये एवढी समज दुर्मिळ. एकजण बिस्किट खात होती. तिने ते खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

माझी सिस्टिम ठरलेली आहे. टेबलापाशी जायचं, माया नर्सला स्वच्छ आवाजात विचारायचं, आज सगळ्यात सिरियस कोण? ती बोटाने दाखवते. मी तडक त्या खाटेपाशी. सेवेत शिस्त लागते.

आज बोट हरणाबाईकडे होतं. खिडकीजवळची खाट. म्हसवडजवळच्या वाडीवरची बाई, पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी आशा सोडलेली. वॉर्डात माझ्याशी आपणहून बोलते ती एवढीच. प्रार्थना झाल्यावर म्हणाली की ती सिद्धनाथाला सांगतेच आहे, मीही माझ्या देवाला सांगत राहावं, दोघं मिळून बघतील. मी याची नोंद प्रगती अशी करते. अजून थोडे दिवस मिळाले तर ही बाई नक्की प्रभूकडे वळेल. हातातोंडाशी आलेलं काम सोडायचं, कोणासाठी? तरुण संघासाठी?

बुधवार, १० सप्टेंबर.

पाळकसाहेब घरी आले. चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.

लेखी उत्तर आणलं नव्हतं. सुंदरीबाईंचा विषय काढला. सुंदरीबाई म्हणजे मांडीचं हाड मोडून आलेल्या जैन आजी, सांगलीतल्या व्यापाऱ्याच्या आई. मला तो दिवस चांगला आठवतो. माया जागेवर नव्हती, म्हणून मी दाराकडून सुरुवात केली. आजींनी मला बघताच हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं, माझ्या पायांकडे हात नेला. मी मनापासून प्रार्थना केली. त्यानंतर त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तेव्हा मी या वहीत लिहिलं होतं: आत्मिक जागृती.

पाळकसाहेबांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या समाजात आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात. कुणी वयोवृद्ध शेवटाला आलं की माताजी जवळ येऊन बसतात, आणि ते माणूस व्रत घेऊन शांतपणे अन्नपाणी सोडतं. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना वाटलं, माताजी आल्या म्हणजे आपली वेळ भरली. मुलगा धन्यकुमार धावत खऱ्या माताजींकडे गेला. त्यांनी निरोप धाडला की आमच्यातलं कुणी आलं नव्हतं, हाड जुळेल, बाईंनी जेवावं. मग आजी जेवल्या. मग धन्यकुमारने दवाखान्याकडे तक्रार केली.

हे सगळं सांगताना पाळकसाहेब कपातच बघत होते. मी म्हटलं, मोतीबिंदू माझा नाही. ते म्हणाले, एवढंच नाही बाई, बाकीच्या वॉर्डाचीही एक भावना झाली आहे. मी म्हटलं, भावना असतील त्या लेखी द्या. शेवटी त्यांनी विचारलं की निदान साडी दुसरी नेसता येईल का.

मी उभी राहिले. ते निघाले.

साताऱ्याकडचा माणूस हा. त्यांच्या गावात घरटी एक फौजी. त्यांच्यापैकी कुणाला युनिफॉर्म उतरव म्हणायची हिंमत होईल का?

शनिवार, १३ सप्टेंबर.

गेटवरच अडवलं. वॉचमन हंबीरराव, रिटायर्ड सुभेदार. आधी सॅल्यूट ठोकला, मग म्हणाला की वरून ऑर्डर आहे. मी पुष्कळ ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि स्वतःची खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर बसूनच निषेध केला.

तिथून वॉर्डाची खिडकी दिसते. श्रद्धा आत होती. पिवळा कुर्ता, गळ्यात गिटार. बायका हसत होत्या. दवाखाना आहे की गॅदरिंग? कुणाची तरी वेणी घालत बसली होती. प्रार्थना केली म्हणे, पण डोळे मिटून उघडेपर्यंत संपली. हरणाबाई खिडकीकडे तोंड करून होती. तिला मी दिसले असावे. हात हलवला. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

निश्चय: लेखी उत्तर येईपर्यंत उपास.

संध्याकाळी सात. शुगर उतरली. पोळीभाजी खाल्ली. हा डॉक्टरांचा आदेश, माझा नव्हे. उपास उद्यापासून.

रविवार, १४ सप्टेंबर.

निषेध म्हणून उपासनेला गेले नाही. माझी जागा तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी. रिकामी दिसली असेलच.

दुपारपर्यंत कुणाचा फोन नाही. नेटवर्क गेलं असावं. शेजारच्या विजयमालाकडे जाऊन तिच्या फोनवरून माझा नंबर लावला. लागला. नेटवर्क ठीक आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर.

न्याय झाला.

हरणाबाईची मुलगी धोंडुबाई घरी आली. शिराळ्याला दिलेली आहे, आईपाशी राहायला आली आहे. हंबीररावाला विचारत विचारत घर शोधलं. उंबऱ्यातच बसली, खुर्चीवर काही बसेना. म्हणाली, आईने धोसरा लावलाय, पांढऱ्या लुगड्याच्या बाईस्नी आणा म्हणून. दुसरं कायबी मागत न्हाई.

मी तिच्यासमोरच पाळकसाहेबांना फोन लावला. पेशंटची स्वतःची मागणी आहे, सांगितलं. त्यांनी पेशंटचं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाले, मी दवाखान्याशी बोलतो, तुम्ही जा. आवाजात पश्चात्ताप होता. धोंडुबाईला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण मी घाईत होते.

साडीला दोनदा खळ घातली. स्तोत्र निवडलं, खूण घातली. मला वाटतं, हरणाबाईने निर्णय घेतला आहे. असे क्षण सेवेत वर्षानुवर्षं येत नाहीत. कमिटीला कळवावं की नाही, हे नंतर ठरवेन. कळवावंच.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

काल गेले होते. काल लिहिलं नाही.

हरणाबाई अर्धी झाली आहे. मला बघितलं आणि चेहरा सैल पडला, उशीर झालेली एसटी लांबून दिसावी तसा. मी बायबल उघडलं. तिने पानावर हात ठेवला.

"बाई, ते ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "निस्तं बसा. तुमी ज्या खाटंपाशी बसता ती खाट मोकळी हुती. समदा वॉर्ड म्हंतोय. माजीबी करा. लय दुखतंय."

मी तिला समजावलं. मी सिरियस पेशंटकडेच जाते, म्हणून ती माणसं जातात. मी जाते म्हणून नाही. साधं लॉजिक आहे. ही अंधश्रद्धा आहे.

"आसंल," ती म्हणाली. "पर बसा."

धोंडुबाई फरशीकडे बघत होती. मी वॉर्डात नजर फिरवली. दाराजवळच्या बाईच्या तोंडावर चादर. ते लेकरू बाहेर व्हरांड्यात, आईने दंडाला धरलेलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

मला काम आहे म्हटलं आणि उठले. काही काम नव्हतं. रिक्षाही केली नाही, चालत आले.

शनिवार, २० सप्टेंबर.

दोन दिवस गुडघा दुखतोय. त्यामुळे बाहेर पडले नाही.

ट्रंक आवरली. शाळेच्या निरोप समारंभात मिळालेली हिरवी इरकल निघाली. कधीच नेसले नाही, रंग फार बोलका. इस्त्री केली, घडीवर साड्या विरतात म्हणून.

रविवार, २१ सप्टेंबर.

उपासनेनंतर दवाखाना. हिरव्या इरकलमध्ये.

हंबीररावाने सॅल्यूट केला नाही. पास विचारला. मग ओळखलं आणि ओशाळला. वॉर्डात गाणी चालूच राहिली. एका बाईने विचारलं, कुणाच्या पावण्या? ते लेकरू येऊन माझ्या पिशवीत डोकावलं, खायला काही आहे का बघायला. काही नव्हतं. इतकी वर्षं मी या वॉर्डात पिशवीतून खाऊ नेला नाही.

हरणाबाईने तोंड फिरवलं. ही कोण आणली म्हणून धोंडुबाईवर डाफरली. मी बोलले तेव्हा आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "फसवता व्हय मला?" आणि हसली. हसताना पोटात कळ आली, तरी हसली.

मी सांगितलं, यापुढे हीच नेसून येणार. मी हिच्यात आहे तोवर तुम्ही कुठेही जायचं नाही. शाळेत मुलींना सांगायची त्या आवाजात सांगितलं.

ती म्हणाली, मग उद्या कोरभर भाकरी आणा. शेवटपर्यंत बसायचंच आहे तर उपाशी कशाला.

बायबल पिशवीतच राहिलं. तिच्या पाठीला खाज येत होती, ती सांगेल तिथे खाजवली. वेळ संपेपर्यंत तेच.

सोमवार, २२ सप्टेंबर.

मला भाकरी येत नाही. हॉस्टेलमध्ये ब्रेड असायचा, पुढे पोळीवाली. तीन भाकऱ्या मोडल्या, चौथी करपली. विजयमालाने भिंतीवरून बघितलं, आत आली, मला बाजूला केलं आणि दोन थापून दिल्या. बडबड केली नाही, हे तिचे उपकार.

हरणाबाईने दुधात बुडवून घासभर खाल्ली. चघळत राहिली. मग मेंढरं सांगितली. एक लंगडी मेंढी होती, ती नवऱ्यापेक्षा हिचं ऐकायची. म्हसवडच्या रथाच्या दिवशी गर्दीत नवरा हरवला होता, तो हिला जिलेबीच्या दुकानात सापडला. मी ऐकत बसले. मला इतकं ऐकायची सवय नाही.

प्रार्थना राहिलीच. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती बोलत होती. उद्या नक्की.

मंगळवार, २३ सप्टेंबर.

सकाळी धोंडुबाईचा फोन आला. पहाटे गेली. वाडीवर नेतायत.

मी तिथे नव्हते. पांढरी नाही, हिरवी नाही, कुठल्याच साडीत नव्हते. म्हणजे माझा काही संबंध नव्हता, हे सिद्ध झालं. वॉर्डाला जाऊन सांगता येईल. जाणार नाही.

धोंडुबाई म्हणाली, काल तुम्ही गेल्यावर आई म्हणत होती, आता ह्या बाईंच्यानं काय खाट मोकळी व्हायची न्हाई, आपलं आपल्यालाच जावं लागंल. सांगताना ती रडत होती आणि थोडी हसतही होती. मला दोन्ही जमलं नाही. फोन ठेवल्यावर उरलेली भाकरी खाल्ली. कडक झाली होती.

दुपारी पत्र लिहिलं. एक पानी. नक्कल इथे:

पाळकसाहेब, माझं ८ तारखेचं पत्र रद्द समजावं. श्रद्धाला काम करू द्यावं. तिला सांगावं, सिरियस कोण हे मोठ्याने विचारू नये.

मला एकच विचारायचं आहे. हरणाबाईजवळ मी शेवटच्या दोन दुपारी बसले. प्रभूचं नाव एकदाही काढलं नाही. पाठ खाजवली, भाकरी दिली, मेंढरांच्या गोष्टी ऐकल्या. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या ती नव्हती. ही सेवा धरली जाते का? नाही धरली तर माझं काय व्हायचं ते होवो, पण तिच्या खात्यातून ते वळतं करू नये, चूक माझी आहे. आणि तिचं दुखायचं थांबलं का?

तुम्ही चांगले आहात म्हणून तोंडी काहीतरी गोड बोलाल. ते नको. तुम्हाला नक्की माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे हे पत्र ठेवावं. रविवार, २८ सप्टेंबर, उपासनेची पहिली घंटा व्हायच्या आत उत्तर मिळावं. लेखी.

विनोदिनी उजगरे