पडद्याआडचे सर

३ मार्च, सोमवार.
अंबडच्या कुटुंब समुपदेशन केंद्रात माझ्या हाताखाली दोन ट्रेनी आले: सबा आणि रामेश्वर. भांडणारी कुटुंबं त्यांनी हाताळायची, मी हिरव्या पडद्याआडून सुपरव्हिजन करायचं. सिस्टिम माझीच. त्यांच्या मोबाइलवर माझी एक रिंग म्हणजे प्रश्न विचार. दोन म्हणजे गप्प, समोरच्याचं ऐक.

५ मार्च.
सबाला चौदा वेळा दोन रिंगा दिल्या. शेवटी राहवेना, स्वतःच पडद्याबाहेर आलो. वाटूरहून सुनेशी भांडण घेऊन आलेल्या सासूच्या हातून दचकून पाणी सांडलं. निकाल मात्र उत्तम. सासू-सून एकदिलाने उठून गेल्या.

१० मार्च.
रामेश्वरला सव्वा तास फीडबॅक दिला. त्याने तोंड उघडलं नाही. ग्रहणशक्ती दांडगी. रात्री जेवताना बायकोला, सुरेखाला, सगळं सविस्तर सांगितलं. तीही शांतपणे ऐकत होती. असा संसार दाखवा म्हणावं.

१७ मार्च.
सबा म्हणाली, सर, गुरुवारी नवी केस हाय, ती बाई पडद्यामागं कोणीबी नको म्हणून राह्यली. पोरीचा कॉन्फिडन्स जपायला हो म्हटलं. पण गुपचूप आधीच पडद्याआड जाऊन बसणार.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १.
बाई आली. सुरेखा!
म्हणाली, मॅडम, चोवीस वर्षं सांगून राह्यले, ह्यांना ऐकूच जात न्हाई. तीर्थपुरीला भावाकडंच चालल्ते कायमची, मंग म्हणलं आधी इथं विचारावं.
माझी ट्रेनी, माझी बायको, माझाच पडदा. इतका घात दुश्मनही करत नाही. दोन रिंगा द्यायला फोन काढला, पण सबा आधीच गप्प होती.

२१ मार्च.
निश्चय: सबाच्या रिपोर्टवर सही नाही. सुरेखाशी कडक अबोला. संध्याकाळी तिने विचारलं, तब्येत बरी हाय ना?

२४ मार्च.
रामेश्वरचा फोन. सर, गुरुवारी जोडीनं या, नवऱ्याला बोलावल्याबिगर केस सुटत न्हाई हे तुम्हीच शिकवलं. जाईन. केवळ त्यांच्या शिक्षणासाठी.

२७ मार्च, गुरुवार.
अकरा मुद्दे लिहून नेले. पहिल्याच मुद्द्याला सबाचा मोबाइल वाजला. दोन रिंगा. पडद्याखाली रामेश्वरच्या चपला दिसत होत्या. सबाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. गप्प बसलो.
सुरेखा म्हणाली, वर्ष झालं, उजव्या कानानं मला ऐकू येत न्हाई. तीनदा सांगितलं ह्यांना.
जेवताना मी रोज तिच्या उजवीकडे बसतो.
घरी आल्यावर डावीकडे बसलो. विचारलं, तीर्थपुरीला कधी जाणार? म्हणाली, सकाळच्या गाडीनं. पिशवी सोमवारपासून भरून दारातच होती म्हणे.